‘मी पण येतो’ म्हणणारी मुलगी : लहान मुलांना लिंग आणि सर्वनामे शिकवताना

आमची मुलगी पावणेतीन वर्षांची असताना मी भाजी आणायला निघालो की ती उलट्यासुलट्या चपला पायांत अडकवून दारात उभी राही आणि ठासून सांगे, “बाबा, मी पण येतो!” सुट्टीला आलेली आजी पदराआड हसे, शेजारच्या काकू “अगं, तू मुलगा आहेस का?” असे विचारीत आणि ती गोंधळून माझ्या तोंडाकडे पाही. चूक तिची नव्हतीच. तिची आई सकाळी आठला कामावर जात असे, मी घरून काम करीत असे आणि दिवसभर तिच्या कानांवर “मी येतो, मी बघतो, मी करतो” हेच पडत असे. तिने ते जसेच्या तसे उचलले होते. आईच्या आणि आजीच्या अवतीभोवती वाढणारे मुलगे “मी येते” म्हणतात, त्यामागेही हेच कारण असते.

इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला स्वतःविषयी बोलताना आपण मुलगा की मुलगी हे सांगावे लागत नाही. मराठीत मात्र ‘मी’ला लिंग नसले तरी त्याच्या मागून येणाऱ्या क्रियापदाला असते आणि त्यामुळे साधे “मी खेळतो” म्हणायलाही मुलाला एक बाजू घ्यावी लागते. म्हणजे मराठी घरात हा विषय मूल बोलू लागते तेव्हाच सुरू झालेला असतो. सर्वनामे कशी शिकवावीत याविषयी इंग्रजीत जे मार्गदर्शन मिळते ते आपल्याला निम्मेच उपयोगी पडते, कारण तिथला सगळा भर दोन-तीन शब्दांवर असतो आणि आपल्याकडे अख्खे वाक्य बदलते. पुढचे सगळे साधारण अडीच ते आठ वर्षे वयाची मुले डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

पायरी १ : आधी आपले स्वतःचे बोलणे ऐकावे

मुलाशी बोलण्यापूर्वी एक संध्याकाळ आपल्याच बोलण्याकडे कान द्यावा. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’, ‘मी आलो’ आणि ‘मी आले’, ‘तू बसलास’ आणि ‘तू बसलीस’ या रूपांत लिंग उघड दिसते. ‘अरे’ आणि ‘अगं’ यांत तर ते हाक मारतानाच ठरून जाते. याउलट ‘मी जाईन’, ‘मी जाणार आहे’, ‘मला जायचं आहे’, ‘ये’, ‘बस’, ‘जेव’ यांत बोलणाऱ्याचे किंवा ऐकणाऱ्याचे लिंग कुठेच नाही. बहुतेक सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळात आणखी गंमत आहे. ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं’ या वाक्यांतले लिंग आंब्याचे, पोळीचे आणि केळ्याचे आहे. खाणारा की खाणारी हे वाक्याला ठाऊकच नाही. ‘म्हणालो’, ‘विसरलो’ अशी काही क्रियापदे या नियमाला अपवाद आहेत, पण ती थोडी.

तिसऱ्या व्यक्तीविषयी बोलतानाही असेच आहे. आदराने बोलताना ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ हा फरक राहतो, परंतु ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचा’ ही रूपे सर्वांना सारखीच लागतात. “त्यांनी चहा घेतला, त्यांना बिस्किटं दे, त्यांचं घर लांब आहे” एवढे बोलून झाले तरी पाहुणे पुरुष आहेत की स्त्री हे ऐकणाऱ्याला कळत नाही. शिवाय दाराची घंटा वाजली की आपण सगळेच “कोण आलं?” असे विचारतो. पलीकडे कोण आहे हे माहीत नसते, म्हणून भाषा नपुंसकलिंगी रूप घेते आणि दार उघडल्यावर ते बदलते. ही सवय आपल्या भाषेत आधीपासूनच आहे आणि पाचव्या-सहाव्या पायरीवर ती कामी येते.

पायरी २ : वस्तूंचे लिंग आणि माणसांचे लिंग वेगळे करून दाखवावे

ही पायरी बहुतेक घरांत गाळली जाते आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. यासाठी स्वयंपाकघरातला भांड्यांचा कप्पा पुरतो. मूल तीन-साडेतीन वर्षांचे झाले की धुतलेली भांडी लावताना त्याला सोबत घ्यावे आणि एकेक भांडे हातात देत म्हणावे : हा चमचा, ही वाटी, हे ताट. तो झारा, ती कढई, ते पातेलं. चार दिवसांत मूल आपणहून ‘हा, ही, हे’ लावू लागते, आणि चुकले तरी बहुधा कानाच्या हिशेबाने चुकते, म्हणजे आकारान्त दिसला की ‘हा’ आणि ईकारान्त दिसला की ‘ही’. ती चूक म्हणजे नियम सापडल्याची खूण असते, म्हणून तिथे घाईने दुरुस्ती करू नये. ‘हे पाणी’ आणि ‘हा हत्ती’ ऐकता ऐकता ते सुधारते.

आमच्याकडे याच खेळात मुलीने एकदा वाटी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, “ही मुलगी आहे तर हिचा फ्रॉक कुठेय?” जो प्रश्न यायला हवा तो हाच. त्यावर उत्तर द्यावे की वाटी मुलगी नाही आणि चमचा मुलगा नाही. शब्दांना बोलण्यासाठी एकेक जागा दिलेली असते, तशी वाटीला ‘ही’ मिळाली. मग प्राण्यांकडे वळावे. मुंगी ‘ती’ आणि उंदीर ‘तो’, पण उंदरांतही माद्या असतात. डास तर ‘तो’ चावला असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात चावते ती केवळ मादी. मोठी माणसेही हे ऐकून थबकतात, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला तर हे गुपित दिवसभर पुरते. शब्दाचे लिंग आणि शरीराचे लिंग ही दोन निरनिराळी खाती आहेत हे एकदा डोक्यात बसले की पुढे माणसांविषयी बोलणे फार सोपे जाते.

याच ओघात आणखी दोन शब्द दाखवून द्यावेत. ‘बाळ’ नपुंसकलिंगी आहे : बाळ रडलं, बाळ झोपलं. ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि दाढीमिशांच्या पैलवानालाही आपण ‘ती व्यक्ती’ म्हणतो.

पायरी ३ : मूल स्वतःविषयी बोलताना चुकले तर

हसू नये, चिडवू नये आणि वाक्य अर्ध्यावर तोडूही नये. मुलगी म्हणाली, “बाबा, मी खेळतो,” तर आपण एवढेच म्हणावे, “हो, तू खेळतेस ना? मग तुझी आईपण म्हणेल, मी खेळते!” योग्य रूप कानावर पडले की पुरे. काही आठवड्यांत बदल दिसतो, काही मुलांना अधिक वेळ लागतो. ज्या पालकाचे लिंग मुलासारखे आहे त्याने दिवसातून थोडा वेळ मुद्दाम स्वतःच्या कामांविषयी मोठ्याने बोलत राहावे. आमच्याकडे आई संध्याकाळी कुकर लावताना “आता मी तांदूळ धुते, आता मी शिटी लावते” असे समालोचन करी आणि तेवढ्यावर बरेच काम झाले.

काळजी मात्र करू नये. कोल्हापूरकडच्या कितीतरी स्त्रिया “मी येतो”, “मी जातो” असेच म्हणतात आणि त्यावरून तिथे कुणी कुणाच्या स्त्रीत्वाचा हिशेब मांडत नाही. मुलगी ‘येतो’ म्हणते यावरून तिच्या मनाविषयी कोणताही निष्कर्ष काढणे हास्यास्पद आहे, तसेच ती चुकते म्हणून धास्तावणेही.

या वयाच्या समजुतीविषयी एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये मांडले की लिंगाविषयीची मुलांची समज टप्प्याटप्प्याने पक्की होते. साधारण तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागते. परंतु केस कापले किंवा कपडे बदलले तरी माणूस तोच राहतो हे पुरते उमगायला सहावे-सातवे वर्ष उजाडते. चार वर्षांच्या मुलाने “बाबांनी साडी नेसली तर बाबा आई होतील का?” असे विचारले तर तो प्रश्न त्याच्या वयाला साजेसा आहे.

पायरी ४ : शरीर, कपडे आणि कामे

शरीराविषयी थोडक्यात आणि सरळ बोलावे. आंघोळीच्या वेळी अवयवांची नावे सांगताना नाक, कोपर, गुडघा यांच्या रांगेतच शिश्न आणि योनी हे शब्दही सांगावेत. घरातला लाडका शब्द असेल तर तोही राहू द्यावा, पण खरा शब्द मुलाला माहीत असावा. त्यानंतर एवढे सांगितले की पुरते : “बाळ जन्मलं की डॉक्टर त्याचं शरीर बघून मुलगा झाला की मुलगी झाली ते सांगतात. बहुतेकांना मोठं झाल्यावरही तेच बरोबर वाटतं. काहींना मात्र आतून वेगळं वाटतं.” पाच वर्षांच्या मुलाला याहून जास्त लागत नाही, लागले तर ते विचारते.

कपड्यांविषयी उपदेश करण्यापेक्षा घरातले जुने फोटो काढावेत. कित्येक मराठी घरांत जावळ काढण्याआधी लहान मुलग्याच्या केसांची वेणी घालून, कधी फ्रॉक घालून फोटो काढलेला असतो. आजोबांचा असा फोटो सापडला तर त्या दिवसाचा धडा तिथेच झाला. कानात भिकबाळी घालणारे पुरुष पेशवाईच्या चित्रांत आहेत आणि आज पुण्यातल्या ढोल-ताशा पथकातही आहेत. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) रंगमंचावर स्त्रीभूमिका करीत आणि त्यांची साडी नेसण्याची व दागिने घालण्याची पद्धत त्या काळच्या प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया उचलीत. नाटकात ते ‘ती’ असत, घरी ‘ते’. प्रेक्षकांचा त्यात कधी गोंधळ झाला नाही.

कामांच्या बाबतीत मुलाला सांगण्याआधी आपली जीभ आवरावी लागते. “मुलीसारखा काय रडतोस”, “बांगड्या भरल्यात का” ही वाक्ये आपण इतक्या सहज बोलतो की ती बोललो हे आपल्याला कळतही नाही. गोष्ट वाचून दाखवताना चित्रातल्या डॉक्टरला ‘ते’ आणि परिचारिकेला ‘त्या’ असे ठरवून टाकण्याआधी चित्राकडे पाहावे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील चित्रांत स्त्री आणि पुरुष दोघेही घरकाम करताना दाखवले गेले, तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. भाजी निवडणारा बाप बातमीचा विषय होतो यातच काय ते आले.

पायरी ५ : रस्त्यावर आणि लोकलमध्ये भेटणारी माणसे

मुले प्रश्न विचारतात ते नेमके सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मुलगी साडेचार वर्षांची असताना आम्ही लोकलने दादरहून ठाण्याला निघालो होतो. डब्यात टाळी वाजवीत एक तृतीयपंथी व्यक्ती आली, हिरवी साडी, हातभर बांगड्या, आणि मुलगी ओरडली, “बाबा, हे काका आहेत की मावशी?” मी तिचा हात दाबला आणि “बाहेर बघ, खाडी आली” असे काहीतरी पुटपुटलो, खाडी तर ठाण्याच्याही पुढे लागते. त्या व्यक्तीनेच हसून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटले, “मावशी म्हण, बेटा.” मुलीने “बरं, मावशी” म्हटले आणि विषय तिच्यापुरता संपला. माझ्यापुरता संपला नाही, कारण विचारायला हवे ते तिने विचारले होते आणि लाज मी वाटून घेतली होती.

अशा वेळी काय करावे, तर मुलाला गप्प करू नये. “मलाही माहीत नाही, आपण त्यांनाच विचारू” असे म्हणावे आणि समोरच्या व्यक्तीला नम्रपणे विचारावे, “तुम्हाला काय म्हणू?” ‘तुम्ही’ या शब्दाला लिंग नसल्यामुळे हा प्रश्न कुणालाही विचारता येतो. विचारण्यासारखी वेळ नसेल तर ‘त्यांना’, ‘त्यांनी’ ही रूपे वापरून वाक्य पुरे करावे. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे : मोठ्या माणसाला एकवचनी ‘ते’ लावून “ते बघ, ते आलं” असे कधीही म्हणू नये. तान्ह्या बाळाला लागणारे हे रूप मोठ्या माणसाला लावले की त्याची हेटाळणी होते, आणि मुले असा स्वर चटकन उचलतात. ‘हिजडा’, ‘छक्का’ हे शब्द शिवी म्हणून मुलाच्या कानावर पडतीलच. ते घरी उच्चारून विचारले तर रागावू नये, “हे शब्द लोक दुखवायला वापरतात, आपण तृतीयपंथी म्हणतो” असे सांगावे.

घरी आल्यावर मुलाच्या वयानुसार थोडे पुढे जावे. चार-पाच वर्षांच्या मुलाला : “मावशी लहान होत्या तेव्हा सगळे त्यांना मुलगा म्हणायचे. मोठं होताना त्यांना कळलं की आपण मुलगी आहोत. म्हणून त्या साडी नेसतात आणि आपण त्यांना मावशी म्हणतो.” सात-आठ वर्षांचे मूल “मग त्या पैसे का मागतात?” असे विचारते. त्याला सांगावे की पुष्कळांना घरच्यांनी बाहेर काढले, शाळेत त्रास झाला, काम मिळाले नाही. याच वयात कायद्याचेही दोन शब्द सांगता येतात. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ अशी नोंद घेतली गेली आणि देशभरातून सुमारे ४ लाख ८८ हजार जणांची गणना त्यात झाली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता देताना आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे असे सांगितले. २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. मुलाला आकडे लक्षात राहणार नाहीत, पण न्यायालयानेही हे सांगितले आहे एवढे त्याला नक्की राहते.

पायरी ६ : ‘तो’ही नको आणि ‘ती’ही नको असे कुणी म्हटले तर

शहरांतल्या काही घरांत आणि परदेशातल्या मराठी घरांत तर नेहमीच हा प्रसंग येतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये शिकणारे मूल शाळेतून येऊन सांगते की आमच्या शिक्षकांना इंग्रजीत ‘दे’ (they, स्त्री-पुरुष असा भेद न दाखवणारे सर्वनाम) म्हणायचे असते, आणि तेच मराठीत आजीला कसे सांगू असे विचारते. प्रामाणिक उत्तर असे की मराठीत यासाठी सर्वांनी स्वीकारलेली एकच रूढी अजून नाही. ‘ते आले’ हे आदराचे रूप जवळचे वाटते, पण ऐकणाऱ्याला ते पुरुषाविषयीच आहे असे वाटते. म्हणून पहिल्या पायरीवरची शिदोरी उघडावी. नाव घ्यावे. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’ वापरावे. “त्यांनी आम्हाला गोष्ट सांगितली, उद्या त्यांच्याबरोबर आम्ही बागेत जाणार आहोत” यात कुठेही अडत नाही. भविष्यकाळ मोकळा आहे. ‘आमच्या वर्गशिक्षकांकडून’, ‘ती व्यक्ती’ हेही चालते, मात्र ‘व्यक्ती’ फार वेळा आले की सरकारी पत्र वाचल्यासारखे वाटते. आणि ती व्यक्ती मराठी बोलणारी असेल तर ती स्वतः ‘मी जातो’ म्हणते की ‘मी जाते’ हे ऐकावे. तोच सर्वांत भरवशाचा पुरावा.

चूक झाली तर लांबलचक माफी मागत बसू नये. “ती आली, नाही, तो आला, आणि मग आम्ही जेवलो” असे म्हणून पुढे जावे. मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर जमते.

पायरी ७ : आपल्याच मुलाने वेगळे काही सांगितले तर

“मी आता मुलगा आहे” असे मुलीने म्हणणे हा पुष्कळदा खेळ असतो. कालपर्यंत ती वाघ होती. अशा वेळी हो किंवा नाही यांपैकी काहीच ठासून न सांगता “बरं, मुलगा झाल्यावर काय काय करणार?” असे विचारावे आणि ऐकावे. कधी उत्तर येते “झाडावर चढणार,” आणि मग कळते की मुलींनी झाडावर चढू नये असे कुणीतरी तिला सांगितले आहे. तिथे सर्वनामाचा प्रश्न नसून झाडाचा असतो. पण तीच गोष्ट मूल महिनोन्महिने, ठामपणे आणि दुःखी होऊन सांगत असेल, मुलासारखी किंवा मुलीसारखी हाक मारली की कोमेजत असेल, तर मारू नये, शपथा घालू नयेत, देवऋषी गाठू नये. बालमानसतज्ज्ञाकडे जावे, आणि तेही मूल सुधारायला नव्हे तर त्याला समजून घ्यायला. लिंगओळख बदलण्यासाठी केल्या जाणाऱ्या तथाकथित उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, तेव्हा “आम्ही ते काढून टाकू” असे कुणी डॉक्टर म्हणाला तर तिथून उठावे.

उरले आजी-आजोबा. त्यांच्यापुढे इंग्रजी शब्द आणि नवे सिद्धान्त मांडू नयेत, त्यांनी आधी पाहिलेले त्यांनाच आठवून द्यावे. वारीत चालताना वारकरी एकमेकांना, पुरुष असो वा स्त्री, ‘माउली’ म्हणतात आणि विटेवरच्या पांडुरंगालाही विठूमाउली म्हणतात, हे ज्या आजीने आयुष्यभर ऐकले तिला “ज्याला जे रुचतं ते म्हणावं” हे समजावायला फार वेळ लागत नाही. माझी आई मात्र सर्वनामांच्या वाटेलाच जात नाही. सातही नातवंडांना तिचा एकच शब्द आहे, आणि संध्याकाळी फोनवर ती एवढेच विचारते, “लेकरू जेवलं का?”